सरळ हँडलमागचा पीळ: एका एटीव्हीच्या स्टीअरिंगची दुसरी दुरुस्ती

गाडी कामाची, फोर-व्हील-ड्राइव्ह एटीव्ही, म्हणजे हँडलने वळवायची, खडबडीत जमिनीवर चालणारी चारचाकी. पुढे दोन्ही बाजूंना दुहेरी ए-आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारे त्रिकोणी हात), टायर २५ इंची, पॉवर स्टीअरिंग नाही. कमी वेगात पुढचे डावे चाक झाडाच्या बुंध्यावर आदळले, तिथेच अडकले आणि गाडी उजव्या कुशीवर कलंडली. डावा टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी, धनुष्यासारखा वाकला. तो बदलला, टो (वरून पाहता पुढची दोन चाके एकमेकांशी किती समांतर आहेत ते) जुळवला, हँडल सरळ करून दिले आणि गाडी परत कामाला लागली.

काही आठवड्यांत ती परत आली. तक्रारी तीन होत्या. उजवीकडे गाडी झटकन वळते, डावीकडे मात्र मोठा फेर घेते. पूर्ण उजव्या वळणावर पुढून कट-कट आवाज येतो. आणि डावे चाक खड्ड्यात गेले की हँडल हातातच वळू पाहते. हँडल तर अगदी सरळ दिसत होते. टो मोजला, तर ९ मि.मी. टो-इन निघाला, म्हणजे चाके पुढच्या बाजूला एकमेकांकडे तेवढी वळलेली. या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ० ते १० मि.मी. टो-इन चालतो, म्हणजे कागदावर सगळे ठीक. इथेच बरेच जण टायरला किंवा रस्त्याला दोष देऊन मोकळे होतात.

आधी खेळ, मग मोजमाप

पुढचा भाग फ्रेमखाली स्टँड लावून उचलला. मागच्या चाकांना ठोकळे लावले. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीचे चाक हलवून पाहू नये. जोर लावताच गाडी घसरते.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवले की बॉल जॉइंट (चाकाची बाजू ए-आर्मला जोडणारा गोलाकार सांधा) आणि चाकाचे बेअरिंग बोलतात. ३ आणि ९ वर धरून हलवले की टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा सांधा), स्टीअरिंग शाफ्टचे बुश (शाफ्टला धरणारी बाही) आणि पुन्हा तेच बेअरिंग. यातून बेअरिंग वेगळे काढण्याची सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगणे. ब्रेक लागला की हब (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) आणि नकल (चाकाला धरून स्टीअरिंगबरोबर वळणारा भाग) एकमेकांना जखडले जातात. खेळ, म्हणजे ढिलेपणा, नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर जॉइंटचा.

या गाडीत डाव्या बाजूला ३ आणि ९ वर बारीक 'टक' जाणवत होती आणि ब्रेक दाबूनही ती गेली नाही. टाय रॉडच्या आतल्या एंडवर बोट ठेवून चाक हलवल्यावर ती नेमकी बोटाखाली आली. पहिल्या दुरुस्तीत रॉड आणि बाहेरचा एंड नवा घातला होता, आतला जुनाच ठेवला होता. धक्का मात्र दोन्ही एंडमधून सारखाच गेलेला असतो.

मग टाय रॉडवरचे उघडे आटे मोजले. डाव्या रॉडच्या दोन्ही टोकांना १४ मि.मी., उजव्याच्या दोन्ही टोकांना ९ मि.मी. कारखान्यातून दोन्ही रॉड सारख्याच लांबीचे येतात. इथे टोकागणिक ५ मि.मी.चा फरक, म्हणजे एक रॉड दुसऱ्यापेक्षा १० मि.मी. लांब. चाके सरळ, हँडल सरळ, टो बरोबर आणि तरीही रॉड असमान, असे असेल तर मधले काहीतरी वाकलेले किंवा पिळलेले असतेच. सगळ्या तपासणीत सर्वात स्वस्त आणि सर्वात बोलके मोजमाप हेच. पट्टी लावायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

ए-आर्म वाकला असेल का, हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर घेतले. उजवीकडे १२८३ मि.मी., डावीकडे १२८१. फ्रेमवरच्या सारख्या भोकांपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत तिरकी मापेही घेतली, त्यातही २ मि.मी.च्या वर फरक नाही. टेपने मोजताना इतका फरक हातूनच पडतो. रिमला ओळंबा लावून कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पाहिला, दोन्ही चाकांचा सारखा. आर्म शाबूत.

पीळ कुठे बसला

हँडल हा पुरावा मानायचा नाही. ते क्लॅम्पमध्ये सरकलेले असू शकते, स्वतः वाकलेले असू शकते. म्हणून हँडल सोडून त्याच क्लॅम्पमध्ये २२ मि.मी. व्यासाचा सरळ पाइप बसवला. क्लॅम्प सरळ आहे की नाही हे पाइप सांगतो, हँडल नव्हे. मग शाफ्टच्या खालची पिटमन पट्टी, जिच्या दोन भोकांत दोन्ही टाय रॉड अडकतात, ती अगदी मध्यावर आणली: दोन्ही भोकांपासून फ्रेमपर्यंतची अंतरे समान होईपर्यंत. आता पाइप सरळ यायला हवा होता. तो उजवीकडे वळलेला निघाला, सुमारे ४ अंशांनी. पाइपची लांबी हँडलएवढीच, ८६० मि.मी. ठेवली होती, तिचे उजवे टोक ३० मि.मी. मागे आणि डावे तितकेच पुढे होते.

म्हणजे शाफ्टला पीळ बसला होता. अपघाताशी हे जुळते. डावे चाक बुंध्याला अडकल्याने शाफ्टचे खालचे टोक जखडले गेले. गाडी उजवीकडे पडताना हँडलचे उजवे टोक जमिनीवर आपटून मागे रेटले गेले. मधल्या नळीला दोन्हीकडून उलट जोर बसला आणि ती पिळली. वाकलेली नळी डोळ्याला दिसते. पिळलेली नळी सरळच दिसते, रंगही उडत नाही.

पहिल्या दुरुस्तीत काय घडले असेल हे आता उलगडते. नवा रॉड घातल्यावर चाके सरळ, पण हँडल तिरके. ते सरळ करण्यासाठी डावा रॉड लांबवला, उजवा तेवढाच आखडला. हिशेब असा: या गाडीच्या पिटमन पट्टीत शाफ्टच्या मध्यापासून रॉडच्या भोकापर्यंत ७० मि.मी. आहेत. पट्टी ४ अंश फिरली की भोक सुमारे ५ मि.मी. बाजूला जाते. रॉडला १२ × १.२५ चे आटे, एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे. त्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात रॉडची लांबी २.५ मि.मी.ने बदलते. दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे, आणि हँडल सरळ! एकाने जितके वाढवले तितकेच दुसऱ्याने घटवले म्हणून टो जागेवर राहिला. मोजणाऱ्याला चूक दिसणारच नव्हती.

ही चूक वळताना मात्र लपत नाही. स्टीअरिंगचे स्टॉप या गाडीत शाफ्टच्या खालच्या भागात, पिळाच्या खाली आहेत आणि ते दोन्हीकडे ४२ अंशांवर अडवतात. पट्टी आधीच मध्यापासून उजवीकडे ४ अंश सरकलेली. टाय रॉड पुढच्या चाकांच्या अक्षाच्या मागे असल्याने पट्टी उजवीकडे सरकली की चाके डावीकडे वळतात. म्हणून डावीकडे वळायला फक्त ३८ अंश उरले आणि उजवीकडे ४६ मिळाले. उजव्या वळणावर आतले चाक नेमून दिलेल्या कोनापलीकडे जाऊ लागले आणि त्या बाजूचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही इंजिनचा जोर पोचवणारा सांधा) कट-कट करू लागला. त्यावरचा रबरी बूट अजून फाटला नव्हता, हे नशीब.

तिसरी तक्रार, खड्ड्यात हँडल फिरण्याची, मात्र पिळाने सुटत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढला, म्हणजे स्प्रिंगचा अडथळा न येता चाक जॅकने वर-खाली करता येते. फ्रेमच्या मध्यरेषेला समांतर दोरी ताणली आणि प्रत्येक चाकाचे पुढचे व मागचे अंतर १०० मि.मी.च्या प्रवासात मोजले. उजव्या चाकाचा टो ३ मि.मी.ने बदलला, डाव्याचा १४ मि.मी.ने. चाक नुसते वर गेले की ते आपसूक वळत होते. असे होते तेव्हा टाय रॉडचे बाहेरचे टोक मूळ उंचीवर नसते. डावा नकल काढून उजव्याशेजारी सपाट टेबलावर ठेवला, तेव्हा त्याचा टाय रॉड अडकवायचा हात ६ मि.मी. खाली वाकलेला आढळला. गाडीवर असताना चिखल, ब्रेक कॅलिपर आणि रिमच्या आडोशात हे दिसत नाही.

काय बदलले, काय ठेवले

नकल लोखंडी होता. प्रेसवर सरळ करण्याचा मोह होतो, म्हणून आधी भेदक रंगाची तपासणी केली: भाग पूर्ण तेलमुक्त केला, लाल रंग लावून १५ मिनिटे ठेवला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. हाताच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ उमटली, सुमारे ७ मि.मी. लांब. ती उमटली नसती तरी निर्णय बदलला नसता. एकदा कायमचा वाकलेला धातू परत वाकवला की तो तिथेच अधिक कठीण आणि ठिसूळ होतो; तापवून सरळ केला तर त्याची मूळ उष्णताप्रक्रिया जाते. टाय रॉड, नकल आणि शाफ्ट यांवर वेल्डिंग करू नये. सीट हलते म्हणून वेल्ड करा, कॅरिअरची दांडी तुटली म्हणून करा. पण ज्या तुकड्याच्या भरवशावर चाक वळते त्यावर नाही.

नवे घातले ते असे: स्टीअरिंग शाफ्ट, वरचे दोन तुकड्यांचे बुश, खालचे बेअरिंग आणि त्याची दोन्ही सील, डावा नकल, त्यात दाबून बसवायचा खालचा बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग व सील, डाव्या रॉडचा आतला एंड, सगळ्या स्प्लिट पिना आणि नायलॉनचे लॉक नट. चाकाचे जुने बेअरिंग फिरायला ठीक होते, पण आतल्या कडीवर जोर देऊन बाहेर काढलेले बेअरिंग पुन्हा घालायचे नसते. गोळ्यांनी कडीवर खळगे पाडलेले असतात, आवाज नंतर येतो.

पहिल्या दुरुस्तीतला डावा रॉड काचेवर लोळवून पाहिला, खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेच शिरला नाही, म्हणून तो ठेवला. उजवीकडचे दोन्ही एंडही ठेवले. उजवा सीव्ही जॉइंट हाताने फिरवून पाहिला; त्यात अडखळ नव्हती. आवाज केवळ अतिकोनाचा होता, असे मानून तो ठेवला आणि शेवटच्या चाचणीत त्याच्यावर लक्ष ठेवायचे ठरवले.

खोलताना

निमुळत्या खुंट्याचा एंड नकलमधून काढताना खुंट्यावर हातोडा मारायचा नाही. नट आट्यांच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवून पुलर (ओढून काढायचे अवजार) लावावा. पुलर ताणलेला असताना नकलच्या कानावर बाजूने एक खणखणीत ठोका दिला की निमुळती पकड सुटते. दोन पात्यांचा चिमटा वापरला तर एंड निघतो, पण रबर बूट फाटतो. तो एंड फेकायचाच असेल तरच चिमटा.

कॅलिपर काढल्यावर तारेने आर्मला टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. ड्राइव्ह शाफ्ट हबमधून सरकवताना बाहेरच्या बाजूला ओढू नये. आतला जॉइंट निसटला की बूट उघडून पुन्हा बसवण्याचे काम वाढते. तोही तारेने बांधून ठेवावा.

स्टीअरिंग शाफ्ट काढण्याआधी प्रत्येक केबल आणि ब्रेकची नळी कोणत्या बाजूने, कशाच्या खालून जाते याचे फोटो घ्यावेत. खालचे बेअरिंग काढल्यावर ते बोटावर फिरवले, तर दाणेदार लागले. सीलमागे चिखलाचे पाणी शिरलेले होते.

पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत याच शाफ्टच्या मध्ये मोटर आणि टॉर्क सेन्सर असतो. तिथे वरचा आणि खालचा भाग वेगवेगळे तपासावे लागतात, आणि अडकलेले चाक हँडलला लांब पाइप लावून सोडवण्याचा प्रकार महागात पडतो.

जोडणी

खालचे बेअरिंग बाहेरच्या कडीवर सारखा दाब देऊन बसवले, मग सर्क्लिप (बेअरिंगला जागेवर धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली आहे का हे ती फिरवून पाहिले. वरच्या बुशला आतून ग्रीसचा पातळ थर दिला. भरमसाट ग्रीस धूळ धरते. बुशच्या धारकाचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळले. शाफ्ट या टप्प्यावर, टाय रॉड जोडण्याआधी, स्वतःच्या वजनाने मोकळा फिरायला हवा. अडखळला तर बुश तिरके बसले आहे. टाय रॉड जोडल्यावर हा दोष चाकांच्या जडपणात लपतो.

बॉल जॉइंट नकलमध्ये दाबताना आधार आणि जोर दोन्ही त्याच्या बाहेरच्या कडेवर; खुंट्यावर किंवा बूटवर नाही. निमुळते खुंटे आणि त्यांची भोके कोरडी, स्वच्छ. तिथे ग्रीस लावायचे नाही. पकड धातूला धातूची असते. ग्रीस लागले की खुंटा ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, नको तितका आत ओढला जातो.

कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळला आणि पिनेचे भोक जुळले नाही, तर नट पुढे आवळावा. मागे सैल करून भोक जुळवायचे नाही. टॉर्कचे आकडे एका कंपनीच्या एंड नटचे दुसऱ्या कंपनीच्या नटला लागू पडत नाहीत, कधी जवळपास दुप्पट फरक असतो. म्हणून 'अंदाजे एवढा' असा आकडा इथे देण्यात अर्थ नाही.

डाव्या रॉडवर आणखी एक गोष्ट आढळली होती: आतला आणि बाहेरचा एंड एकमेकांच्या तुलनेत पिळलेले. लॉक नट आवळताना रॉड धरला, पण एंड धरला नाही, की एंड नटाबरोबर फिरतो आणि बॉल आपल्या मर्यादेला टेकून बसतो. मग चाक वर गेले की बॉल खोबणीच्या कडेवर दाबला जातो, आणि पहिल्यांदा बूट चिरडतो. उपाय म्हणजे एक पाना रॉडच्या सपाट भागावर, दुसरा एंडच्या सपाट भागावर आणि तिसऱ्याने नट. आवळून झाल्यावर रॉड हाताने पुढे-मागे कलवून पाहावा. दोन्ही दिशांना सारखा कलायला हवा. डाव्या आट्यांचा लॉक नट उलट दिशेने आवळतो. बहुतेक रॉडवर ते टोक खाच किंवा खुणेने दाखवलेले असते. नसेल तर रंगाचा ठिपका द्यावा.

दोन्ही रॉड आधी समान लांबीचे केले: चारही टोकांना ११.५ मि.मी. उघडे आटे. पिटमन पट्टी मध्यावर, हँडल सरळ. आता, आणि आताच, टो.

टो

चारही टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा, गाडी सपाट जमिनीवर, पुढचा भाग दोन-चारदा दाबून सोडलेला. दोन्ही पुढच्या टायरवर हबच्या उंचीला, समोर, मध्यरेषेवर खडूने खूण. दोन खुणांमधले अंतर ८३८ मि.मी. गाडी हळू पुढे ढकलून त्याच खुणा मागे हबच्या उंचीला आणल्या: ८२६. त्याच खुणा मागे नेण्याचे कारण असे, की टायर किंवा रिम थोडी डगमगत असली तरी ती चूक दोन्ही मापांत सारखीच येते. नव्या खुणा केल्या तर टो नव्हे, टायरचे वाकडेपण मोजले जाते.

पुढे जास्त, म्हणजे १२ मि.मी. टो-आउट. हवा होता ४ मि.मी. टो-इन, एकूण १६ मि.मी.चा बदल, प्रत्येक चाकाला ८. नकलचा हात १०० मि.मी. आणि टायरचा व्यास ६३५ मि.मी.; म्हणजे रॉडमधला १ मि.मी. टायरवर सुमारे ६.३ मि.मी. होऊन दिसतो. अर्धा फेरा, म्हणजे १.२५ मि.मी., साधारण ८ मि.मी. टो बदलतो. दोन्ही रॉड अर्धा-अर्धा फेरा लांबवले. रॉड अक्षाच्या मागे असतील तर लांबवल्याने टो-इन वाढतो. पुढे असतील तर उलट. पुन्हा मोजल्यावर ४.५ मि.मी. टो-इन. रॉड दोन्हीकडे सारखेच फिरवले म्हणून हँडल जागचे हलले नाही. कोणाला फक्त एका रॉडने टो जुळवायची सवय असेल, तर हँडल तिरके का होते याचे उत्तर इथेच आहे.

गाडी जमिनीवर घेण्यापूर्वी, शॉक जोडण्याआधीच, डाव्या चाकाचा प्रवास पुन्हा मोजला होता. १०० मि.मी.त १४ ऐवजी ४ मि.मी., उजव्याच्या ३ शी जुळणारा.

चाचणी

उभ्या गाडीत हँडल दोन्ही टोकांना फिरवून स्टॉप टेकेपर्यंत केबल, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग ताणत नाहीत ना, हे पाहिले. थ्रॉटलची केबल आखडली असेल तर हँडल फिरवताना इंजिनचा वेग बदलतो. इंजिन चालू ठेवून हेही तपासले. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पूर्ण डावे आणि पूर्ण उजवे वर्तुळ काढले आणि बाहेरच्या चाकाचे माग मोजले. दोन्ही वर्तुळे आता हातभराच्या फरकात आली. कट-कट गेली.

एक उरले. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी हलकेच डावीकडे झुकत होती. स्टीअरिंगमध्ये मोजण्यासारखे काही शिल्लक नव्हते, म्हणून पुढची दोन्ही चाके केवळ चाचणीपुरती आपसात बदलली. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण होता, त्यामुळे कमी वेगात आणि थोड्याच अंतरासाठी. गाडी आता उजवीकडे झुकू लागली. बुंध्यावर आदळलेल्या डाव्या टायरची आतली कड, वाकड्या नकलवर चालून चालून, उजव्यापेक्षा स्पष्ट झिजली होती. चाके मूळ जागी बसवली, पुढच्या टायरची जोडी बदलण्याच्या यादीत टाकली आणि पहिल्या दोन तासांच्या वापरानंतर लॉक नट, हबचा नट आणि बुशच्या धारकाचे बोल्ट यांचा टॉर्क पुन्हा तपासला. धारकाचा एक बोल्ट पाव फेरा आणखी आवळला गेला. बाकी सगळे जागचे हलले नव्हते.